आपली लाइन कुठली?

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

आजपासून डायरी. दुकानात मापांच्या वह्या भरल्यात. अख्ख्या कुवेंपुनगरची छाती-कंबर माझ्याकडे लिहिलेली आहे, पण माझ्याविषयी कुठे एक ओळ नाही. आता रोज लिहिणार.

आज सहनाच्या होणाऱ्या सासरी गेलो, सरस्वतीपुरमला. मुलगा राघवेंद्र चांगला आहे. त्या दोघांचं आधीच जमलेलं आहे. प्रश्न फक्त त्याच्या वडिलांचा. गुंडुराव, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनियर. मूळचे रंगारी, आमच्यासारखेच कैक पिढ्या म्हैसुरात राहिलेले. पण त्यांनी रंगाचे हात केव्हाच धुतले आणि शिकले. आम्ही अजून मशीनवर. माझी बाजू जरा लंगडी आहे हे मान्य. फक्त इथे मान्य.

पण मी तयारी करून गेलो होतो. सहनाने बजावलं होतं, अप्पा, त्यांना मासे धरायचा नाद आहे, तुम्ही त्यावर काही बोलू नका, नुसतं हसा. म्हणून मी काल काजं करता करता मासेमारीचे सगळे व्हिडिओ बघून घेतले.

हॉलमध्ये भिंतीवर फोटो. तरुण गुंडुराव, एच. डी. कोट्याला नोकरीत असतानाचे, कबिनीच्या काठावर, दोन्ही हातांत न मावणारा मासा. मी फोटोसमोर उभा होतो. गुंडुराव मागून आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आपली लाइन कुठली?

मी अजिबात अडखळलो नाही. म्हणालो, मी मोठे ल्यूर वापरतो. जड. त्याला साधी लाइन चालत नाही.

ल्यूर म्हणजे नकली मासा. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, पोटाला गळ लावलेला. मोठा मासा त्याला खरा समजून गिळतो आणि अडकतो. कालच्या व्हिडिओत होतं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग चेहरा असा उजळला! हौदा, खरंच? म्हणजे तुम्हीपण आमच्यातले? टी. नरसीपूरच्या रस्त्याला मित्राचं तळं आहे, जाऊ या एका रविवारी. बाकीचं तिथे निवांत बोलू.

बाकीचं म्हणजे काय ते मला कळतं. लग्नाला हो की नाही. म्हणजे सहनाचं लग्न आता माझ्या हातात आहे. हातात रॉड नाही, लाइन नाही, ल्यूर नाही, पण त्या वस्तू विकत मिळतात.

ऑटोत सुमा म्हणाली, सुम्मने कशाला काहीतरी बोलता हो, गळ कधी हातात तरी धरलाय का? मी म्हणालो, बायकांच्या ब्लाउजना रोज कोण हूक लावतं? ती पुढे बोलली नाही. बायकोला गप्प कसं करायचं हे मला बरोबर जमतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निश्चय: रोज एक तास अभ्यास. आज झाला नाही. दिवाळीचे ब्लाउज. प्रत्येकीला नरकचतुर्दशीच्या आधी हवा आहे आणि प्रत्येकीने पीस आज आणून दिलाय.

आम्ही माळकरी. घरात अंडं येत नाही. तेव्हा हा मांसाहार आहे का, यावर विचार केला. हल्लीचे सभ्य लोक मासा धरतात, बघतात आणि सोडून देतात. म्हणजे भेट घेतल्यासारखं आहे. यात पाप नाही.

सुमा दुपारी दुकानात आली ती फोनवर बोलतच. पलीकडे गुंडुरावांच्या मंडळी, जमुनाबाई. काठ, रेशमी, हॉल असं काहीतरी. बायकांची पहिल्याच दिवशी गट्टी. बरं असतं त्यांचं. खरा निर्णय कुठल्या पातळीवर चाललाय याची कल्पनाच नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अभ्यास केला. थक्क झालो. रीळ, बॉबिन, धागा, पदर, गाठ, टेन्शन. सगळे शब्द आपले! आम्ही हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत, फक्त दुसऱ्या टोकाला मासा नव्हता.

नायलॉनची लाइन ताणते. बाद. मोठ्या, जड ल्यूरला विणलेली लाइन लागते. तिला ब्रेड म्हणतात. चारपदरी असते, आठपदरी असते. मी आठपदरी घेणार. चारपदरी गुंडुरावांसारख्या हौशी लोकांना ठीक आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फोनवर दुकानदाराला विचारत होतो, आठपदरी ब्रेड आहे का. आई आत जप करत होती. जप थांबला. आई बाहेर आली आणि म्हणाली, नरहरी, आज एकादशी आणि तू ब्रेड मागवतोस? तोही आठ-आठ?

समजावून सांगितलं की हा खायचा ब्रेड नाही, धागा आहे. म्हणाली, मग धागा म्हण की. सुमा आतून हसत होती. या घरात माणूस चार भिंतींतच अडकून पडतो. एकाला सांगावं तर दुसरा ऐकतो, आणि कोणालाच समजत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज मुद्दा निकालात काढला. लाइन ठरली.

बेंगळुरूच्या दुकानदाराशी बोललो. त्याच्या यादीत नंबर आहेत. पॉइंट सहापासून आठपर्यंत. माझा ल्यूर कसला ते सांगितलं. वीतभर लांब, हातात घेतला तर हात खाली जाईल असा. तो म्हणाला, सर, एवढ्या मोठ्या ल्यूरला सगळे सिक्स घेतात.

इथे शिंपी कामाला येतो. साध्या माणसाला वाटेल, मोठा नंबर म्हणजे जाड. वेडा. धाग्याचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. एकशेवीस नंबर म्हणजे केस. साठ म्हणजे ब्लाउज. चाळीस म्हणजे पँट. वीस नंबरने गादी शिवतात. हे मला परकर धरून चालायच्या वयापासून माहीत आहे. तेव्हा सहा चांगला असेल तर पॉइंट सहा त्याच्या दहापट चांगला. त्याने तोच नंबर सांगितला असणार, पॉइंट खाल्ला. हल्लीची पोरं घाईत बोलतात.

पॉइंट सिक्स मागवली. तो म्हणाला, शुअर ना सर? दोनदा म्हणाला. मी म्हणालो, बाबा रे, मला धागा शिकवू नकोस. रॉड, रीळ आणि ल्यूरही त्याच्याकडूनच घेतले. किंमत इथे लिहीत नाही. सुमा केर काढताना वह्या उघडते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी. दुकान बंद असून थकलो. सहना आणि राघवेंद्र हॉलमध्ये फोनवर काहीतरी बघून हसत होते. मला बघून थांबले. पोरीच्या मनावर ताण दिसतो. तिला म्हणालो, काळजी करू नकोस, मी आहे. ती म्हणाली, अप्पा, तीच तर— आणि मला एकदम बिलगली. लहानपणी बिलगायची तशी. बिचारीला सगळं समजतंय.

सुमा म्हणाली, अहो, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख... मी म्हणालो, आधी लाइन, मग तारीख. माझं तळ्यावरचं बोलणं होऊ दे. तिने कपाळावर हात मारला आणि परत फोन लावला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पार्सल आलं. दुकानातच उघडलं. नागरत्ना ब्लाउजची काजपट्टी करत होती. ती आमच्याकडे हूक आणि हातशिलाई करते. ल्यूर बघून म्हणाली, अय्यो, केवढा हा! रंगवलेला लाकडी मासा, डोळे बाहेर, पोटाला दोन तिहेरी गळ. मग लाइन बघितली आणि परत काजपट्टीला लागली.

लाइन बारीक दिसते. म्हणजे खूपच बारीक. पण हीच तर नव्या तंत्राची कमाल. बारीक दिसते आणि जाड असते.

खात्री केली. लाइनला मोठी कात्री बांधली आणि पंख्याच्या हुकाला टांगली. कात्री दिवसभर लटकली. तुटली नाही. नागरत्ना दिवसभर तिच्या खालून गेली नाही.

हाताने तोडून बघितली. धागा तुटला नाही, बोट कापलं. समाधान वाटलं.

नागरत्नाने विचारलं, या मोठ्या पिशवीतले ब्लाउजपीस कोणाचे, कधी द्यायचेत? सुमाने ठेवलेत. एकाच घरातले दिसतात, बरेच आहेत. म्हणालो, बाजूला ठेव, आधी महत्त्वाचं बघू.

२६ ऑक्टोबर, रविवार

गच्चीवर सराव. ल्यूर नवा आहे, ओरखडा पडेल, म्हणून लाइनला धाग्याचं रिकामं रीळ बांधलं. गाठ बटणाची. पहिल्या फेकीला मागे गेलं. दुसऱ्या फेकीला असं सुंदर गेलं की शेजारच्या शंभूरावांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांत जाऊन पडलं. मी रीळ फिरवून ओढून घेतलं. बरोबर दोन मिरच्या आल्या. याला म्हणतात नियंत्रण.

शंभूराव वर आले. हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, सराव. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांना माझा चेहरा बघून काहीतरी वाटलं असणार.

लाइन उत्तम. एकदाही तुटली नाही. रिकाम्या रिळाला तुटली नाही म्हणजे भरलेल्याला कशाला तुटेल.

संध्याकाळी गुंडुरावांचा फोन. येत्या रविवारी? म्हणालो, दोन तारखेला कार्तिकी एकादशी, आम्ही माळकरी, एकादशीला गळ धरत नाही. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, नियम म्हणजे नियम, नऊ तारखेला जाऊ. तळ्यात बाळे आहेत म्हणाले, मोठाले.

बाळे म्हणजे कानडीत केळं. या माशाला इकडे तेच म्हणतात. आईला सांगितलं, नऊ तारखेला बाळे बघायला जातोय. खोटं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

उपास. ल्यूर कपाटातून नाहीसा. घरभर शोधला. शेवटी देवघरात सापडला. विठ्ठलाच्या पायाशी, पाटावर, हळदकुंकू लावलेला, डोक्यावर तुळशीचं पान. आई म्हणाली, मत्स्यावतार एवढा सुरेख आणि तू कपाटात कोंबतोस? पण पोटाला हे काटे कशाला लावलेत रे?

मी म्हणालो, भक्तांना अडकवायला. आईला पटलं. आईशी असं खोटं बोललो याचं वाईट वाटलं. मग साबुदाणा खाल्ला.

कुंकू पुसायला गेलो तर निघत नाही. लाकडात मुरलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज ठरवलं, खरं सांगून टाकायचं. या नऊ तारखेने मला कोंडून घातलंय. शिवताना टीप वाकडी जाते. एका बाईच्या ब्लाउजला डाव्या दोन बाह्या लावल्या. त्यापेक्षा सरळ जावं आणि म्हणावं, गुंडुराव, मला मासे धरता येत नाहीत, तरी माझ्या मुलीला पदरात घ्या.

स्कूटरवरून सरस्वतीपुरमला पोचलो. गुंडुराव ओसरीत बसून जुन्या रिळाचे भाग सुटे करून पुसत होते. मला बघून उठलेच. म्हणाले, स्वामी, तुमच्यामुळे किती वर्षांनी हे बाहेर काढलं. बरोबर यायला कोणी नव्हतं. राघवेंद्राला मोबाइल बरा. एकट्याने जाऊन काय करायचं?

मी जे सांगायला गेलो होतो ते सांगणार होतोच. सांगितलं, शिलाई मशीनचं तेल घाला, रिळाला चांगलं असतं. ते खूष झाले. मी परत आलो.

म्हणजे आता सांगता येत नाही. आणि सांगितल्याशिवाय सुटकाही नाही. सहनाचं लग्न, एका म्हाताऱ्याचा आनंद आणि मी, सगळे एका धाग्याला टांगलेले. धागा चांगला आहे एवढाच आधार.

९ नोव्हेंबर, रविवार

पाऊस! पहाटेपासून धो धो. गुंडुरावांचा फोन, आज जमायचं नाही. मी खूप हळहळलो. फोन ठेवला आणि गोधडी डोक्यावरून घेतली. सुमा म्हणाली, एवढे खूष का? म्हणालो, शेतकऱ्यांसाठी.

सोळा तारीख ठरली. दुपारी दोन्ही घरच्या बायका डबे घेऊन तळ्यावर येणार. सहना, राघवेंद्रही. प्रेक्षकांची काय गरज होती?

१५ नोव्हेंबर, शनिवार

ल्यूर, लाइन, रॉड तयार. गाठ तीनदा मारली. शर्टाच्या कॉलरखाली सुई खोचली आहे, ती कायम असते, वडिलांचीही असायची.

उद्याचं वाक्य पाठ केलं: लाइन पॉइंट सिक्स, आठपदरी.

भीती वाटते. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. सहनाच्या बाबतीत माझ्यामुळे काही बिनसलं तर मी कुठे तोंड दाखवू? तिला मी फार काही दिलेलं नाही. शाळेच्या गॅदरिंगचे झगे शिवले, पण गॅदरिंगला कधी गेलो नाही. त्या दिवसांत गिऱ्हाइकांचीच गर्दी असायची.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहितो. क्रमाने लिहितो.

सकाळी गुंडुरावांच्या गाडीतून निघालो. नरसीपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भात, धुकं, कडेला बगळे. मी खिडकीची काच खाली केली. रविवारी या वेळेला मी इतक्या वर्षांत कुठे असतो ते मला माहीत आहे. थोडा वेळ लाइनचा विचारच आला नाही.

तळं मोठं. काठावर करंजाची झाडं. गुंडुरावांनी आपला रॉड काढला. त्याला लाइन लावलेली, हिरवी, पायजम्याच्या नाडीसारखी जाड. मला जरा कीव आली. विचारलं, किती नंबर? म्हणाले, सहा.

मग त्यांनी माझी बघितली. चष्मा लावून बघितली. बारीक दिसते, अल्वा? मी म्हणालो, पॉइंट सिक्स, आठपदरी. त्यांनी चष्मा पुसला. मग ल्यूर हातात घेऊन तोलला. त्यावरचं हळदकुंकू बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, देवाचं नाव घेऊन टाका.

सहा जाड आणि पॉइंट सहा बारीक. ते समोरच दिसत होतं. पण माणूस रॉड उचलून उभा राहिला की मागे फिरता येत नाही. रॉड मागे नेला, व्हिडिओतल्यासारखा, आणि जोर लावून टाकला.

टक्.

हा आवाज माझ्या ओळखीचा. दातांनी धागा तोडताना येतो. मत्स्यावतार सुटला. असा गेला, असा गेला की तळ्याच्या पार मध्यावर जाऊन पडला. गुंडुराव म्हणाले, वाहवा! मग माझ्या रॉडच्या टोकाला बघितलं. तिथे नुसता धागा वाऱ्यावर हलत होता.

सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. धाग्याचा वाढला की धागा बारीक होतो. ही लाइन धाग्याच्या घराण्यातली नाहीच, सुईच्या घराण्यातली आहे. मला तिथे उभ्या उभ्या समजलं. कात्री टांगली तेव्हा धागा तुटला नाही, कारण कात्रीला कोणी हिसका दिला नव्हता. तेही समजलं. एकदम सगळं समजलं, आणि उपयोग काही नव्हता.

ल्यूर लाकडी, म्हणून तरंगत होता. वारा त्याला हळूहळू पलीकडच्या काठाकडे नेत होता. गुंडुराव म्हणाले, थांबा, आणतो. मी नको नको म्हणेपर्यंत पलीकडे पोचले, खाली वाकले, रॉड लांबवला आणि आणखी वाकले.

टर्र.

हाही आवाज माझ्या ओळखीचा. पँटची मागची शिवण, कमरेपासून खालपर्यंत. गुंडुराव तसेच वाकलेले राहिले. ल्यूर त्यांच्या रॉडला चाटून वेताच्या बेटात शिरला तो दिसेनासा झाला. एवढ्यात जमुनाबाईंचा फोन, आम्ही निघालो, अर्ध्या वाटेवर आहोत. सून येणार, विहीण येणार. गुंडुराव माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, आयतु, संपलं.

मी म्हणालो, पँट काढा.

टॉवेल गुंडाळून ते दगडावर बसले. मी कॉलरखालची सुई काढली. सुई होती, पण धागा? कुठून आणायचा तळ्यावर? मग रिळाकडे बघितलं. पॉइंट सिक्स, आठपदरी, रीळभर. सुईच्या नाकात सटकन गेली, असा धागा मी जन्मात ओवला नव्हता. उलटी टीप घातली, बारीक, जवळ जवळ. हात चालायला लागले आणि महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. पाणी चमकत होतं. किती बरं वाटत होतं.

पँट हातात घेऊन गुंडुरावांनी शिवण दोन्ही बाजूंनी ओढली. परत ओढली. नाही तुटली. मग मोठ्याने हसले आणि म्हणाले, आत्ता कळली तुमची लाइन!

मी म्हणालो, पॉइंट सिक्स. ते म्हणाले, तसं नव्हे हो. पहिल्या दिवशी फोटोपाशी मी विचारलं होतं, आपली लाइन कुठली. म्हणजे शिवणकाम कसलं, ब्लाउज की पँट. तुम्ही एकदम माशांवरच गेलात. मला वाटलं, असेल बुवा. आठवड्याने सहना घरी आली आणि सगळं सांगून गेली. म्हणाली, मामा, अप्पांना मासे धरता येत नाहीत, पण तुम्ही बोलू नका. आयुष्यात पहिल्यांदा मशीनवरून उठून ते स्वतःसाठी काहीतरी करतायत.

मी पाण्याकडे बघत राहिलो. मग सुई परत कॉलरखाली खोचून म्हणालो, आता बाकीचं बोलू. तुमचा निर्णय काय?

कसला निर्णय, म्हणाले.

लग्नाचा.

गुंडुरावांनी टॉवेल सावरला. म्हणाले, स्वामी, लग्न डिसेंबरात. हॉल दिवाळीतच घेतला. तुम्हाला कोणी सांगितलं नाही? मी म्हणालो, सांगत होते, मीच बिझी होतो.

बाकीचं म्हणजे मग काय, विचारलं. ते जरा लाजले. म्हणाले, जमुनाच्या बहिणी, भावजया, सगळ्यांचे ब्लाउज. दुसरा कोणी नीट शिवत नाही म्हणते. घरचाच माणूस आहे, तुम्ही विचारा, म्हणून माझ्या मागे लागली होती.

गाडी आली. सहना आधी उतरली, आधी माझ्याकडे बघितलं. मी नुसता हसलो, तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसा. डब्यातलं चित्रान्न, लिंबाचा भात, छान झालं होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आईने विचारलं, मत्स्यावतार कुठाय? तळ्यात गेला म्हणालो. म्हणाली, बरं झालं, पाण्यातला पाण्यात गेला. तिने हात जोडले. मीही जोडले.

ती बाजूला ठेवलेली मोठी पिशवी उघडली. जमुनाबाईंच्याच घरचे पीस. दिवाळीपासून पडून होते. सुमाला म्हणालो, आधी का नाही सांगितलंस? तिने पिशवी पुढे सरकवली. तिने दिलेली सगळी उत्तरं माझ्याच डायरीत आहेत.

रॉड नागरत्नाने आडवा बांधला. तयार ब्लाउज टांगायला. चांगला वाकतो, तुटत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निश्चय: लग्न झाल्यावर दर रविवारी तळं. सहा नंबर लाइन, पॉइंट नाही. गुंडुरावांना फोन करून सांगितलं. म्हणाले, या रविवारीच चला की. मी म्हणालो, विचार करतो. सुमा समोर उभी होती, हातात आणखी एक पिशवी.

२३ नोव्हेंबर, रविवार

गुंडुराव तळ्यावर. मी दुकानात. बाही, बाही, काजपट्टी. बाहेर ऊन छान पडलंय.

तिथे जावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं, मासा नको होता, काही नको होतं.

संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. मोठा बाळे मासा. पाण्यात सोडताना काढलेला, गुंडुराव पाठमोरे, वाकलेले. तीच पँट. सगळ्यांनी मासा बघितला. मी फोटो बोटांनी मोठा करून शिवण बघितली. कुठेच दिसत नव्हती. मग दिवा लावला आणि ब्लाउजला बसलो.